मस्ट नॉट, नीड नॉट आणि शुडचं देणं

नागपूरच्या एका वाचकाचा प्रश्न: ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी लिहिलं, ‘यू मस्ट नॉट कम ऑन सॅटर्डे.’ म्हणजे यायची गरज नाही, की यायचंच नाही? शिवाय मस्ट, शुड आणि ऑट टू यांत फरक काय, आणि परवानगीला मे की कॅन?

साहेबांना द्यायची होती सुट्टी, दिली तंबी. गरज नसेल तर नीड नॉट किंवा डोन्ट हॅव टू. मस्ट नॉट म्हणजे मनाई, विषय संपला. धंतोलीपासून सदरपर्यंत शिकलेसवरलेले लोक हा घोटाळा करतात आणि ऐकून कान किटतात. दोष आपल्या ‘नको’चा. ‘शनिवारी यायला नको’ ही सवलत, ‘तू यायला नको होतंस’ हा ठपका. आपला एक नको दोन्हीकडे राबतो, इंग्रजीत तसं भागत नाही.

मस्ट म्हणजे ‘च’ लावलेलं ‘पाहिजे’, ते सगळ्यांना ठाऊक आहे. खरी मजा पुढच्या दोघांत. ऑट हे मुळात ‘ओ’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप, आणि ओ म्हणजे देणं लागणे! शुड हे शॅलचं भूतकाळी रूप. जुन्या इंग्रजीत शॅलचाही एक अर्थ देणं असणे हाच. त्याच कुळातला जर्मन शब्द शुल्ड, म्हणजे कर्ज आणि दोषही.

आता मराठीत या. ‘मी त्याचे पाचशे रुपये देणं लागतो’ आणि ‘मला जावं लागतं’. दोन्हीकडे लागणे, मूळ संस्कृत लग्, चिकटणे. माझं म्हणणं, कर्ज चिकटतं तसंच कर्तव्य चिकटतं. कोशकार दोन अर्थांना दोन आकडे देऊन मोकळे होतात. नातं कोण सांगणार? आणि आपलं ‘मले जा लागते’ म्हणे हिंदीची नक्कल! अहो, हिंदीत ‘जाना पडता है’. नक्कलच असती तर पडते म्हटलं असतं, लागते कुठून आलं? पण विदर्भाचं काही दिसलं की हिंदीच्या खात्यावर मांडायचं, ही पंडितांची जुनी खोड.

क्लासवाले ऑट म्हणजे नैतिक कर्तव्य आणि शुड म्हणजे सल्ला असं घोकून घेतात. बोलण्यात हा भेद फारसा कोणी पाळत नाही. ऑटपुढे टू लागतो, शुडपुढे नाही, एवढं सांभाळा.

आणि हो, परवानगी. बोलताना कॅन चालतं, अर्जात मे लिहा.