सगळ्यांचे टर्न एकदम ठेवायचे की एकामागून एक? खरी भानगड डबल मूव्हची आहे

तुमचा प्रश्न वाचला. सहा जण सिव्ह 5 (सिव्हिलायझेशन 5, शहरं वसवून साम्राज्य उभं करायचा कॉम्प्युटर गेम, जो टर्नने म्हणजे पाळीपाळीने चालतो) ऑनलाइन खेळताय, तिघं पुण्यात, एक दुबईला, दोघं न्यू जर्सीत, टर्न एकदम ठेवले की भरभर क्लिक करणारा जिंकतो आणि एकामागून एक ठेवले की बाकीचे मोबाइल बघत बसतात, आणि आता त्यातला एक जण सोडायच्या बेतात आहे. आमच्या ग्रुपचे दोन गेम याच भांडणापायी अर्धवट राहिले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साधा हिशोब करा. सहा जण, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे एक फेरी 24 मिनिटांची आणि त्यातली 20 मिनिटं तुम्ही नुसते बसलेले. 150 टर्नचा गेम धरला तर 60 तास, त्यात तुमचं स्वतःचं खेळणं फक्त 10 तास. एवढा वेळ नोकरी-घर सांभाळून कोणी देत नाही, म्हणून सगळे शेवटी एकदमच्या टर्नवर येतात, आणि लढाई नसेल तोवर ते छान चालतं, तुम्ही तुमच्या कोपऱ्यात शेतं आणि खाणी करताय त्याने माझं काय बिघडतंय.

घोळ होतो युद्ध लागल्यावर. समजा टर्न 60 संपायला दहा सेकंद आहेत, समोरच्याने लावून ठेवलेल्या तीन कॅटापल्टनी (दगड फेकणाऱ्या यंत्रांनी) तुमच्या शहरावर मारा केला, लगेच टर्न 61 आला आणि पहिल्या दोन सेकंदांत त्याच कॅटापल्टनी परत मारा केला, मागून स्वोर्ड्समन, म्हणजे तलवारवाले, आत. नियमाने बघाल तर त्याने टर्नला एकेकदाच हल्ला केलाय, पण मधल्या वेळात तुम्हाला ना भिंत विकत घेता आली ना सैन्य हलवता आलं. यालाच डबल मूव्ह म्हणतात. आमच्यातल्या एकाची राजधानी अशीच गेली, तीन शनिवार बसून उभी केलेली. तो काही बोलला नाही, पुढच्या शनिवारी आलाच नाही. ज्याने घेतली त्याने चीटिंग केलं असं मला आजही वाटत नाही, सेटिंगने त्याला ते करू दिलं आणि सेटिंग मीच लावलं होतं. त्यात ज्याच्या मशीनवर गेम होस्ट केलाय त्याची क्लिक आधी पोचते आणि अमेरिकेतल्याची लॅगमुळे, म्हणजे नेटच्या उशिरामुळे, मागे राहते, ते वेगळंच.

म्हणून पहिला कोण यावर वाद घालत बसू नका. पहिल्याचा फायदा मोजता येतो आणि भरूनही काढता येतो. बुद्धिबळात पांढऱ्याला साधारण 52 ते 56 टक्के गुण मिळतात, गो या खेळात काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला जपानी नियमांत 6.5 आणि चिनी नियमांत 7.5 गुण आधीच देऊन ठेवतात. तुम्ही तपासायचं ते एवढंच, की एकाच माणसावरच्या दोन हल्ल्यांच्या मधे त्याला एकदा तरी उत्तर देता येतंय का.

या कसोटीवर बरेच उपाय गळतात. दर फेरीला क्रम एकेकाने पुढे सरकवा असं कोणीतरी हमखास सुचवतं, पण नीट बघा, कखगघ चं खगघक झालं तरी ग हा ख च्या लगेच नंतरच येतो, म्हणजे ख ची चाल बघून खेळायची सोय त्याला जवळजवळ कायमची मिळाली. मग क्रम उलटा करू म्हटलं तर कखगघ घगखक मध्ये घ सलग दोनदा खेळतो, म्हणजे डबल मूव्ह परत दारात. कॅटान या बोर्ड गेममध्ये सुरुवातीची घरं मांडताना हा उलटा क्रम मस्त चालतो, कारण तिथे अजून कोणी कोणावर चालून गेलेलं नसतं. युद्धात तो अजिबात वापरू नका.

सिव्ह 5 मध्ये हायब्रिड टर्न आहेत, शांतता असताना सगळे एकदम आणि युद्धात असलेले फक्त आपसात एकामागून एक. तुमच्यासाठी मला हेच योग्य वाटतं. चार जण एकमेकांत गुंतले की परत रांग लागते हे खरं, पण तेव्हा थांबणाऱ्याचंही लक्ष स्क्रीनवरच असतं, कारण आपल्याच शहराकडे काय येतंय ते बघायचं असतं.

शनिवारी एकत्र बसणं जमत नसेल तर पिटबॉसवर (गेम सर्व्हरवर सतत चालू राहतो, ज्याने त्याने सवडीने येऊन खेळायचं) दिवसाला एक टर्न ठेवा. तिथे लोक युद्ध लागलं की टर्नचे दोन भाग करतात, पहिला अर्धा एकाचा, दुसरा अर्धा दुसऱ्याचा, आणि युद्ध संपेपर्यंत ते बदलायचं नाही. फक्त 24 तासांचा टर्न ठेवलात तर तो रोज त्याच वेळी बदलणार, पुण्यात रात्रीचे 9 म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे 11:30, तो बिचारा रोज ऑफिसातच. फ्रीसिव्ह या सिव्हसारख्याच फुकट गेमच्या लाँगटर्न (दिवसाला साधारण एक टर्न) प्रकारात यासाठी टर्न 23 तासांचा असतो, बदलायची वेळ रोज तासाने अलीकडे येते आणि जागरण सगळ्यांच्या वाट्याला येतं. शिवाय फ्रीसिव्हमध्ये असं सेटिंग आहे की टर्न बदलायच्या आधी हललेलं युनिट (सैन्याची तुकडी वगैरे) ठरावीक तास जाईपर्यंत परत हलत नाही. डबल मूव्हवर इतका सरळ उपाय मला दुसरीकडे दिसला नाही.

डिप्लोमसी या बोर्ड गेमचं उदाहरण कोणीतरी देईलच, 1959 पासून तिथे सगळे हुकूम गुपचूप लिहून एकदम उघडतात, क्रमाचा प्रश्नच नाही. पण तो खेळ मुळापासून तसा बांधलाय, सिव्हला ते ठिगळ लागत नाही.

राहिला वेग. टायमरचा आकडा स्वतः टाकू नका, गेमचा टायमर शहरं आणि युनिट वाढतील तसा वाढतो. टर्न 20 ला अर्धं मिनिट पुरतं, 120 ला चार मिनिटंही कमी पडतात. बुद्धिबळाचा जगज्जेता बॉबी फिशर याने चालीगणिक सेकंद वाढवणारं घड्याळ काढलं, 1989 मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि 1992 मध्ये स्पास्कीबरोबरच्या सामन्यात ते वापरलं, त्यामागेही हाच विचार, की विचाराला वेळ हवा पण साठवून अडवणूक नको.

आणि लहानपणीची टाइमप्लीज परत आणा. आम्ही प्रत्येकाला एका बैठकीत दोन दिल्यात, पाच-पाच मिनिटांच्या, कारण विचारायचं नाही. दोघांच्या घरी लहान मुलं आहेत, त्यांनी टाइमप्लीज आल्यापासून एकही शनिवार चुकवलेला नाही. तुमचा जो सोडायच्या बेतात आहे त्याला आधी फोन करा, नवीन सेटिंग त्याच्याबरोबर बसून लावा, मग बाकीच्यांना सांगा.