शेगडी परदेशी, बाटी इंदुरी

प्रश्न : ताई, मुलानं अमेरिकेतून प्रोपेनवर चालणारा छोटा कॅम्पिंग ओव्हन आणलाय, वर दोन बर्नर. चोरलला सहलीत त्यात बाटी भाजायचीय. घरचा सिलिंडर लावू का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : बाटीसाठी ओव्हन, शोभता खरे इंदूरकर! पण सिलिंडरचा जुगाड नको. तिकडे जेमतेम अर्धा किलो प्रोपेनची बाटली थेट आट्यांवर फिरवून बसवतात. आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण, व्हॉल्व्हही निराळा. नळी आवळून बसवलीत तर दाब भलताच व्हायचा.

लेकीकडे तिकडे असताना मी असल्याच ओव्हनमध्ये बाट्या लावल्या होत्या. खालून कोळसा, वरून पांढऱ्याफटक! ज्योत अगदी तळाशी असते ना. दुसऱ्या घाण्याला पंधरा मिनिटं आधी तापवला, जाळी वर सरकवली, अर्ध्यावर ट्रे फिरवला. वाऱ्याकडे पाठ करून ठेवला, तेव्हा कुठे तुपात बुडवण्याजोग्या झाल्या. (डाळ जावयानं करपवली, ते वेगळं.)

तंबूत मात्र कधीच पेटवू नका, जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जोडणीवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसले की गॅस बंद.

चोरलला तूर्त गोवऱ्याच न्या.