२७३.१५ नेमके केव्हा मिळवायचे?

नमस्कार ताई,

आपल्या मुलाने अकरावीच्या गणितात २ किलो पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ५० अंशांपर्यंत तापवण्यासाठी लागणारी उष्णता काढताना २५ अंशांच्या वाढीचे २९८.१५ केल्विन केले, उत्तर चुकले, आणि सूत्र तर बरोबर आहे, मग चूक कुठे झाली, असा आपला प्रश्न आहे. त्याने सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवून केल्विन काढण्याचे सूत्र बरोबरच वापरले आहे, परंतु ते जिथे लावायला नको होते तिथे लावले.

केल्विन आणि सेल्सिअस या दोन मापनश्रेणींमध्ये एका अंशाचे माप अगदी सारखे आहे, फक्त शून्य वेगवेगळ्या जागी आहे. म्हणून ‘पाणी २५ अंशांवर आहे’ असे म्हटले की २७३.१५ मिळवून २९८.१५ केल्विन लिहायचे. पण ‘पाणी २५ अंशांनी तापले’ असे म्हटले की ती वाढ केल्विनमध्येही २५च राहते, कारण दोन्ही तापमानांत मिळवलेले २७३.१५ वजाबाकीत एकमेकांना खाऊन टाकतात. मराठीत ‘वर’ आणि ‘नी’ यांतच सगळा फरक आहे, आणि गणित वाचताना मुलाला त्यांवर पेन्सिलने खूण करायला सांगावे. पाण्याची विशिष्ट उष्मा, म्हणजे एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, ४,१८६ ज्यूल प्रति किलो प्रति केल्विन धरली तर खरे उत्तर २,०९,३०० ज्यूल येते. त्याच्या उत्तरातील सुमारे २५ लाख ज्यूल खरोखरच दिले, तर पाणी उकळून त्यातील पाऊण किलोहून अधिक वाफ होऊन जाईल.

ही चूक केवळ विद्यार्थ्यांचीच असते असे मात्र नाही. नाशिकजवळच्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी अनेक वर्षे उपकरण विभागात काम केले. तिथे एकदा भट्टीच्या तपासणीचा एक अहवाल माझ्याकडे आला होता, ज्यात तापमानाची अनुज्ञेय तफावत ‘अधिक-उणे २७४.१५ केल्विन’ अशी छापलेली होती. मूळ आकडा अधिक-उणे १ अंश सेल्सिअस होता. कोणीतरी एक्सेलमध्ये सगळ्या रकान्यांना एकच सूत्र ओढून लावले होते, आणि त्या कागदावर तीन जणांच्या सह्या होत्या.

आता २७३.१५ मिळवणे टाळताच येत नाही ती जागा म्हणजे गुणोत्तर, उदाहरणार्थ बंद जागेतील हवेचा दाब, जो तापमानाच्या प्रमाणात वाढतो. जानेवारीतील पहाटे निफाडकडे ८ अंश तापमानात गाडीच्या टायरमध्ये ३२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाची हवा भरली आणि दुपारी उन्हात टायरमधील हवा ३५ अंशांवर गेली असे समजा. सेल्सिअसचेच आकडे घेऊन ३५ भागिले ८ केले तर दाब चौपटीहून अधिक वाढला असे उत्तर येईल, आणि तसे असते तर द्राक्षांच्या हंगामात निफाडच्या रस्त्यावर एकही टायर शाबूत राहिला नसता. केल्विनमध्ये हे गुणोत्तर ३०८.१५ भागिले २८१.१५, म्हणजे साधारण १.०९६ येते. इथे आणखी एक फसगत आहे, जी मला स्वतःला फार उशिरा कळली: दाबमापकाचे शून्यही खरे शून्य नसते, कारण ते बाहेरच्या हवेचा दाब मोजतच नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे तो दाब साधारण १३.७ पीएसआय धरता येतो. तेव्हा ३२ मध्ये १३.७ मिळवून ४५.७, त्याला १.०९६ ने गुणून सुमारे ५०.१, आणि त्यातून पुन्हा १३.७ वजा करून दाबमापकावर ३६.४ दिसेल, अर्थात टायरचे आकारमान फारसे बदलत नाही असे गृहीत धरून.

२७३ की २७३.१५, हा आपला दुसरा प्रश्न. शाळेच्या गणितात जे दिले असेल ते घ्यावे. वायूंच्या उदाहरणात नुसते २७३ घेतल्याने उत्तराच्या तिसऱ्या अंकापर्यंत सहसा काही बिघडत नाही. हा आकडा मुळात वायूंच्या वागण्यातूनच आला आहे: दाब स्थिर ठेवून वायू थंड केला की प्रत्येक अंशाला त्याचे आकारमान, ० अंशावरील आकारमानाच्या साधारण २७३व्या भागाने घटते, आणि ती रेषा आलेखावर पुढे वाढवली की उणे २७३.१५ अंशांपाशी शून्याला भिडते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ मध्ये केवल तापमानाची, म्हणजे शक्य तितक्या नीचतम तापमानाला शून्य मानणारी, श्रेणी मांडली. जुन्या पुस्तकांत २७३.१६ हा आकडा दिसला तर तो छपाईचा दोष समजू नये. बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र समतोलात राहतात ते तापमान ०.०१ अंश सेल्सिअस, म्हणजेच २७३.१६ केल्विन आहे, आणि १९५४ पासून केल्विनची व्याख्या त्यावरून केलेली होती. २० मे २०१९ पासून ती तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणाऱ्या बोल्ट्झमन स्थिरांकावरून केली जाते, रूपांतराचा आकडा मात्र २७३.१५च राहिला आहे.

केल्विनपुढे अंशाचे चिन्ह लावल्यामुळे गुण कापले गेले असतील, तर ते योग्यच आहे. १९६७ पासून ‘अंश केल्विन’ असे लिहीत नाहीत.

उणे तापमानात मुले हमखास गडबडतात, म्हणून एक उदाहरण त्याच्याकडून करून घ्यावे. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर जे नळकांडे घेऊन गोठ्यात येतात, त्यातील द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. २७३.१५ मधून १९६ वजा केले की ७७.१५ केल्विन येतात. त्याने दोन्ही आकडे मिळवून ४६९.१५ लिहिले, तर ते १९६ अंशांवर तापलेल्या भट्टीचे तापमान होईल.