इंदुरात नवीन आहे, कॉलनीच्या गणपतीच्या महाप्रसादाला एकट्यानं जावं का?

जा. महाप्रसादाला वेगळं आमंत्रण लागत नाही, फलकावर दिवस आणि वेळ लिहिली की ते सगळ्यांनाच असतं. पण तुम्ही पुढं विचारलंय की बदली होऊन नुकताच आलोय, कुणाशी ओळख नाही, तिथं आपलेपणा वाटेल की ताट घेऊन कोपऱ्यात उभं राहावं लागेल? ते तुमच्या कॉलनीत पंगत बसते की बुफे असतो, यावर आहे. या एका गोष्टीवरून आमच्या घरात कितीतरी वर्षं वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही सुदामानगरकडे राहतो. गल्लीत निम्मी घरं मराठी, बाकीची माळव्यातली, दोन-चार सिंधी, वरच्या मजल्यांवर भाड्यानं राहणारी शिकणारी मुलं. गणपतीचा महाप्रसाद आमच्याकडे पहिल्यापासून पंगतीचा. एका वर्षी समितीनं ठरवलं की आता केटरर सांगायचा. हा ठराव मांडला माझ्या धाकट्या दिरांनी, हिशोब त्यांच्याकडे असतो. म्हणे लोकांना वेळ नाही, वाढपी मिळत नाहीत, तरुण मुलांना मांडी घालून बसायचा कंटाळा येतो. झालं, मांडव पडला, पनीर आलं, गणपतीच्या प्रसादाला नूडल्ससुद्धा आल्या. लोक आले, रांगेत उभे राहिले, आपापल्या घरच्यांचा घोळका करून जेवले आणि तासाभरात मांडव रिकामा. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक आजी डबा घेऊन आल्या, भरून घेतला आणि घरी जाऊन जेवल्या. त्यांना 'बसा हो' म्हणायला तिथं माणूसच नव्हता, कारण वाढणारे सगळे केटररचे. दिरांच्या मते कार्यक्रम उत्तम झाला, कारण अन्न उरलं नाही आणि खुर्च्या वेळेवर परत गेल्या.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत मी उभी राहिले आणि पंगतच बसणार म्हणाले. मग एकेक अडचण निघाली. पहिली, ताटं. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात तुम्ही थर्माकोलच्या ताटल्या काढणार का, असं मीच विचारलं. महापालिकेची बर्तन बँक आहे, तिथून स्टीलची ताटं-वाट्या मिळतात, घासून परत द्यायच्या. घासायला कोण? मी, माझ्या दोन्ही जावा आणि ज्यांनी ज्यांनी हा प्रश्न विचारला ते सगळे. दुसरी अडचण जेवणाची. आमच्यातल्याच काही जणांचं म्हणणं, मराठी महाप्रसाद म्हणजे मसालेभात, जिलेबी, मठ्ठा, दाल-बाफले कशाला? (बाफले म्हणजे डाळीबरोबर कुस्करून खायचे माळव्याकडचे कणकेचे गोळे.) मला हे अजिबात पटत नाही. १८१८ नंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदुरात आली, तेव्हापासूनची मराठी घरं आहेत या गावात. दोनशे वर्षं माळव्याचा गहू खाऊन बाफले परके कसे? शेवटी दोन्ही केलं. मसालेभात आमच्या बायकांनी, बाफले शेजारच्या माळवी काकांनी.

त्या दिवशी दुपारपासून पावसाची भुरभुर होती. काकांनी पत्र्याच्या आडोशाला गोवऱ्या पेटवल्या. बाफले आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग निखाऱ्यावर भाजायचे आणि गरम गरम तुपात बुडवायचे. पत्र्याखाली सगळी गल्ली जमली, कारण कोरडी जागा तेवढीच. कुणी कोथिंबीर निवडतंय, कुणी नारळ खवतंय, मुलं लाडू मोजतायत.

वरच्या मजल्यावर केरळचा एक मुलगा राहत होता, परीक्षेच्या तयारीसाठी आलेला. धड हिंदीही येत नव्हतं. खाली उतरून जिन्यापाशी उभा होता. मी त्याच्या हातात मिठाची वाटी दिली आणि म्हटलं, प्रत्येक पानात डाव्या बाजूला, चिमूटभर. पंगतीत मीठ सगळ्यात आधी वाढतात, आणि कुणाला नको असतं असं नाही. त्यामुळं मीठ वाढणारा एकूण एक माणसासमोर वाकतो. पहिल्या पंगतीत लोक विचारत होते, हा कोण? दुसऱ्या पंगतीत त्याला नावानं हाका मारत होते, 'बेटा, इधर लिंबू नही आया.' मग तो जेवायला बसला, तर बाफल्याकडे नुसता बघत राहिला. शेजारी त्याच आजी बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या ताटात हात घालून बाफला कुस्करला, वर डाळ ओतली, पुन्हा तूप मागितलं आणि त्याला म्हणाल्या, खा आता. गेल्या वर्षी डबा घेऊन गेलेल्या आजी. त्या दिवशी त्या शेवटच्या पंगतीपर्यंत हलल्या नाहीत, येणाऱ्या प्रत्येकाला आग्रह करत बसल्या.

म्हणून तुम्हाला सांगते, जेवणाच्या वेळेला जाऊ नका. दुपारी चारच्या सुमाराला जा, भाज्या चिरायचं काम चालू असतं. 'काही मदत करू का' असं विचारू नका, सगळे 'नको नको' म्हणतात. सरळ विळी नाहीतर सुरी मागा. वाढायला मिळालं तर मीठ मागून घ्या. काय न्यावं म्हणाल, तर नारळ पुरे. आणि दिवस नीट बघून ठेवा. महाप्रसाद बहुतेक ठिकाणी अनंत चतुर्दशीच्या आधी उरकतात, कारण त्या रात्री सगळं इंदूर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, बघायला रस्त्यावर असतं. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी कामगारांनी झांकी सोडली नाही. तीही बघा.

तुमच्याकडे बुफे असेल तर जरा अवघड आहे. तरी पाण्याचा जग उचला आणि फिरा.

एक-दोन गोष्टी राहिल्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबल-खुर्ची हवीच, आम्हीही एक ओळ तशी मांडतो. आणि जुन्या पंगतींत कोण कुणाशेजारी बसणार हे जातीवरून ठरायचं, सोवळ्याची पंगत वेगळी असायची; ते मी परत मागत नाही. आमच्याकडे जो आधी आला तो आधी बसला, एवढाच नियम आहे. पंगतीला वेळही जास्त लागतो, हे दिरांचं म्हणणं खरं आहे. त्या वर्षी शेवटचं ताट घासून होईपर्यंत रात्रीचे बारा वाजले. पण 'वाढपी मिळत नाहीत' हे मात्र त्यांनी आता बोलू नये. त्या रात्री वाढणाऱ्यांत त्यांची दोन्ही मुलं होती, कुणी न सांगता आलेली, आणि धाकटा तर तुपाची वाटी कुणाला द्यायलाच तयार नव्हता.