एफएलपी (फ्लेमप्रूफ) बॉक्समध्ये लिथियम बॅटरी आहे? मग आधी हे वाच

माहुल-चेंबूरकडे प्लांटला लागलायस म्हणून सांगतो, फ्लेमप्रूफ बॉक्स (ज्वलनशील गॅसच्या जागी वापरायचा मजबूत बॉक्स) आहे म्हणजे आतली बॅटरी पेटली तरी काही होत नाही हे डोक्यातून काढ. तो बॉक्स कशासाठी टेस्ट होतो, तर बाहेरचा गॅस आत शिरून एकदा भडकला तर ज्वाळा फ्लँजच्या (झाकण-बॉक्सच्या जोडाच्या) बारीक फटीतून थंड होऊन बाहेर यावी, बाहेरचा गॅस पेटू नये म्हणून, तो स्फोट क्षणभराचा असतो. लिथियम-आयनचा सेल थर्मल रनअवेत गेला (स्वतःच तापत सुटला) की गोष्टच वेगळी, तो स्वतःच गॅस सोडत राहतो, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, इलेक्ट्रोलाइटची वाफ, आणि एका सेलची उष्णता शेजारच्याला लागून तोही तसाच जातो, म्हणजे प्रेशर वाढतच राहतं. त्यात हायड्रोजन टू-सी (IIC, सगळ्यात सहज पेटणाऱ्या गॅसच्या) ग्रुपचा गॅस आणि तुझा बॉक्स त्याखालच्या टू-बीचा (IIB) असेल तर ती फट त्याच्यासाठी तपासलेलीच नाही!

म्हणून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मापाला बसतो म्हणून दुसरा सेल आणून टाकू नकोस, सर्टिफिकेट मूळ सेलचं आणि मूळ बीएमएसचं (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचं) असतं. चार्जिंग सेफ एरियातच (ज्वलनशील गॅस नसलेल्या जागीच) कर, मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तरच दुसरीकडे. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेला बॉक्स लगेच चार्जिंगला लावू नकोस, पावसाळ्यानंतर ग्लँड (केबल आत जाते तिथलं सील) आणि गॅस्केट नीट बघ, ओल आत गेली की शॉर्टचा धोका.

आणि बॉक्स विनाकारण गरम लागला, फुसफुस आवाज आला, गोडसर वास आला तर झाकण अजिबात उघडू नकोस रे, आत ज्वलनशील गॅस कोंडलेला असतो, हवा मिळाली की भडकेल, धूरही विषारी. लांबून सप्लाय तोडता आला तर तोड, सगळ्यांना मागे घे, फायर टीमला बोलव.