लॅपटॉपला मोबाईलचं इंटरनेट कसं जोडावं? हॉटस्पॉट सारखा तुटतो आणि डेटाही लगेच संपतो.

एका जागी बसून काम करणार असाल, तर हॉटस्पॉटचा नाद सोडा आणि फोन सरळ केबलने लॅपटॉपला लावा. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्याच पानावर ‘यूएसबी टेदरिंग’ असतं. केबल लावल्याशिवाय ते बटण दाबलंच जात नाही, म्हणून पुष्कळ जणांना वाटतं की आपल्या फोनमध्ये ही सोयच नाही. सुरू केलं की लॅपटॉपला वाटतं लॅनची वायर लागली. पासवर्ड नको, काही नको, आणि वर फोन चार्ज होत राहतो.

केबल मात्र बघून घ्या. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. मी एकदा अख्खी संध्याकाळ ड्रायव्हर (लॅपटॉपला फोन ओळखता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) शोधण्यात घालवली होती, दोष केबलचा निघाला. आयफोन विंडोजला लावायचा असेल तर आधी ॲपलचं आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हाइसेस’ टाकावं लागतं. मॅकबुकला अँड्रॉइड फोन लावायचा असेल तर बऱ्याच फोनचं केबलने जमत नाही. तिथे हॉटस्पॉटच बरा.

हॉटस्पॉट तुटतो तो बहुतेकदा फोनच बंद करतो म्हणून. कुणी जोडलेलं नसलं की थोड्या वेळाने तो आपोआप बंद व्हावा, अशी सेटिंग असते. लॅपटॉप झोपला की फोनच्या लेखी कुणीच उरत नाही. ती सेटिंग काढा. आयफोनवर लॅपटॉप जोडला जाईपर्यंत हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवा. आणि मध्ये भिंत असेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड सोडून २.४ चा निवडा, वेग कमी, पण पोच जास्त.

ब्लूटूथनेही जोडता येतं, पण मेल बघण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

आता डेटा. लॅपटॉपला हे घरचं वायफायच वाटतं, त्यामुळे तो बिनधास्त अपडेट उतरवतो, फोटो क्लाउडवर चढवतो. विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे इथला डेटा मोजका आहे, असं लॅपटॉपला सांगणं) सुरू करा, मॅकवर ‘लो डेटा मोड’. यात एक मेख आहे: ही सेटिंग प्रत्येक नेटवर्कची वेगळी असते. मी हॉटस्पॉटला लावली होती आणि निर्धास्त होतो. नंतर केबल वापरायला लागलो, एका रात्री लॅपटॉप चालू राहिला आणि सकाळी दिवसाचा कोटा संपल्याचा मेसेज. केबलचं कनेक्शन ‘इथरनेट’ म्हणून दिसतं, तिथेही आठवणीने लावा. क्लाउडचं सिंक तर मी हातानेच थांबवतो, मीटर्डला ते नेहमी जुमानतंच असं नाही.

एवढं करूनही वेग मिळत नसेल तर रेंज बघा. लांब केबल घेतली की फोन खिडकीत ठेवता येतो आणि लॅपटॉप टेबलावर.