सातशे रुपये कमी पडतात, पण शेठकडे सव्वा लाख अडकलेत त्याचं काय?

लातूरहून आलेलं पत्र, थोडक्यात:

"सर, माझं वय ३१. गंजगोलाईतल्या एका साडीच्या दुकानात सात वर्षं सेल्सला आहे. आम्ही एकूण चौदा जण. पगार ११,०००, रोख मिळतो, स्लिप वगैरे काही नाही. औसा रोडवरच्या एका कंपनीच्या रेडिमेड शोरूममध्ये जागा निघाली म्हणून अर्ज केला, मुलाखतही झाली. अनुभवाचा कागद नसल्यामुळे फ्रेशर म्हणून घेतायत. पॅकेज १५,००० सांगितलं, पण हातात ११,३०० येतील म्हणे. वर इन्सेन्टिव्ह महिन्याला ४,००० पर्यंत. इकडे शेठला कुणकुण लागली, ते १२,००० करतो म्हणतात. म्हणजे कंपनीत गेले तर ७०० रुपये कमीच. पीएफ कापू नका असं सांगता येईल का? तेवढे वाचले तर पॉलिसीचा हप्ता निघेल. वर्षाला १८,००० आहे, दोन भरलेत, २० वर्षांनी ६ लाख मिळणार आहेत. मिस्टरांची ऑटो आहे, मुलगी आठ वर्षांची. बचत म्हणाल तर पाच वर्षांपासून महिन्याचे १,५०० शेठकडेच ठेवते, नव्वदेक हजार झाले असतील. दिवाळीला घेतलेल्या साड्या त्यातूनच वजा होतात. काय करू?"

ताई, विचारलेल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नोकरी घ्या. पीएफ नको म्हणता येणार नाही, कारण पीएफ लागू असलेल्या कंपनीत १५,००० पर्यंत पगार असेल तर तो सक्तीचा आहे. आणि ऐच्छिक असता तरी मी तुम्हाला तो सोडू दिला नसता.

आता जे विचारलं नाही त्याकडे येऊ. तुम्ही सातशे रुपयांचा घोळ घालत बसलात, आणि नव्वद हजारांचा उल्लेख पत्राच्या शेवटी, सहज बोलल्यासारखा. दर महिन्याला पगारातले दीड हजार तुम्ही मालकाकडेच ठेवता. वही त्यांची, नोंद त्यांची, वजाबाकीही त्यांची. "असतील नव्वदेक हजार" यातला 'असतील' मला खटकला. जमा किती आणि साड्यांचे वजा किती, हे तुम्हालाच नक्की माहीत नाही. उद्या भाऊ-भाऊ वेगळे झाले, दुकानाच्या वाटण्या झाल्या, किंवा शेठच्या माघारी मुलाने गादी सांभाळली आणि तो म्हणाला की बाबांनी मला असलं काही सांगितलं नव्हतं, तर तुम्ही दाखवणार काय?

शेठ वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. बहुतेक अडीअडचणीला त्यांनीच हात दिला असेल. पण हिशोब बघा. पोस्टाच्या आरडीचा सध्याचा ६.७ टक्के दर धरला तर हेच १,५०० दरमहा पाच वर्षं टाकून १ लाख ७ हजार होतात. म्हणजे सतराएक हजारांचं व्याज गेलं. आणि हेच नव्वद हजार शेठनी बाजारातून शेकडा रुपया दराने उचलले असते तर त्यांना महिन्याला ९०० रुपये व्याज पडलं असतं. तुम्हाला पगारवाढ देतायत १,००० ची. जवळजवळ तुमच्याच पैशातून तुम्हाला वाढ! वर तुम्ही जायला निघालात की मनात येणार, पैसे अडकलेत, आत्ता कुठे वाईटपणा घ्या. माणूस दुकानात असाच बांधला जातो, त्यासाठी कुणाला काही वाईट करावं लागत नाही.

दुसरी रक्कम तर तुम्हाला माहीतच नाही. दुकानात चौदा माणसं म्हणालात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानाला ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या रकमेचा, कायदा लागू होतो, आणि सलग पाच वर्षं झालेला माणूस स्वतःहून राजीनामा देऊन गेला तरी त्याला ती मिळते. पगार रोख होता, करार नव्हता, पीएफ नव्हता, याने काही बिघडत नाही. हिशोब सरळ आहे: शेवटच्या महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले झालेली वर्षं. ११,००० वर वर्षाचे साडेसहा हजारांच्या आत-बाहेर, सात वर्षांचे ४४,०००. नव्वद आणि चव्वेचाळीस, झाले १ लाख ३४ हजार. साड्यांचे वजा करा, तरी सव्वा लाखाच्या आसपास. नव्या नोकरीत दरमहा कमी पडणारे ७०० रुपये यातून किती वर्षं भरून निघतील? पंधरा.

पण ग्रॅच्युइटी मागायची तर तुम्ही सात वर्षं तिथे होतात हे दिसलं पाहिजे. स्लिप नाही, बँकेत पगार नाही. म्हणून राजीनाम्याचा शब्द काढण्याआधी शेठकडून एक अनुभवाचं पत्र घ्या. दुकानाच्या लेटरहेडवर, अमुक तारखेपासून आजपर्यंत सेल्सला आहेत, पगार इतका, खाली सही-शिक्का. आत्ता संबंध चांगले आहेत, ते तुम्हाला थांबवायला बघतायत; आत्ता मागितलं तर खळखळ न करता देतील. बँकेत कर्जासाठी लागतं म्हणा, काहीही म्हणा. हा एक कागद दोन कामं करतो. त्यावरची रुजू झाल्याची तारीख ग्रॅच्युइटीसाठी कामाला येते, आणि तोच कागद घेऊन तुम्ही शोरूमच्या एचआरकडे परत जायचं आणि फ्रेशरचा शिक्का पुसायला लावायचा.

तो शिक्का मला पगारापेक्षा जास्त लागला. सात वर्षं लग्नसराईचे बस्ते बांधलेल्या बाईला फ्रेशर म्हणतात? एका बस्त्याला दहा-बारा बायका गादीसमोर बसणार, नवरीची आई बजेट दडवणार, आत्याला काहीच पसंत पडणार नाही, आणि शंभर साड्या उलगडल्यावर विहिणीच्या मानाची साडी कोणत्या भावातली दाखवायची हे तुम्ही तोंडं बघून ओळखता. शोरूममध्ये लागलेल्या पोराला हे यायला तीन वर्षं जातात. मुलाखतीत हे बोलला होतात का? बहुतेक नाही. फॉर्मवर 'अनुभव' या रकान्यात कागद नाही म्हणून रेघ मारली असणार. पुन्हा जा आणि सांगा की सीझनला दिवसाला साधारण कितीची विक्री करत होते, किती गिऱ्हाईक माझं नाव घेऊन येतं. हजारभर वाढवून मिळाले तर सातशेचा प्रश्नच मिटला.

शेठनी पत्र द्यायला टाळाटाळ केली तर जुनी बिलबुकं आठवा, सेल्समनच्या रकान्यात तुमचं नाव असेल. लक्ष्मीपूजनाचे फोटो, शेठचे व्हॉट्सअॅपवरचे "उद्या लवकर ये"चे मेसेज, सगळं जपून ठेवा, फोन बदलताना उडवू नका. राजीनामा लेखी द्या, पोच घ्या, सोबत ग्रॅच्युइटीचा अर्ज द्या. तीस दिवसांत रक्कम द्यायची असते. नाही दिली तर कामगार कार्यालयात अर्ज करता येतो. तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. कायदा माहीत आहे एवढं कळलं तरी पुष्कळ शेठ तडजोडीवर येतात. पण तडजोड म्हणून दहा हजार हातावर टेकवले तर घेऊन गप्प बसू नका, ४४ चा आकडा लक्षात ठेवा.

नव्वद हजार मात्र राजीनाम्याच्या आधी काढा. या आठवड्यात वहीतल्या तुमच्या खात्याचं पान बघायला मागा, मोबाइलवर फोटो काढा. मग मुलीच्या नावाने खातं उघडायचंय म्हणून पैसे मागा, आणि ते खोटंही नाही, त्यावर पुढे बोलतो. रोख घेऊ नका, बँकेत टाकायला सांगा. दोन-तीन हप्त्यांत देतो म्हणाले तर चालेल, पण पहिला हप्ता पडल्यावरच जॉइनिंगची तारीख पक्की करा. शोरूमवाले पंधरा दिवस थांबतात. त्यांच्याकडेही माणसं रांगेत उभी नसतात.

आता ७०० रुपये. १५,००० चं पॅकेज म्हणजे तुमचा पगार १५,००० नव्हे, तुमच्यावर कंपनीचा एकूण खर्च तेवढा. हातात ११,३०० येतात म्हणजे पगार १३,००० धरलेला दिसतो. त्यातून तुमचा पीएफ १२ टक्के, १,५६० कापले जातात, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, शंभरेक. महिला असल्याने २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. कंपनी तिच्या बाजूने आणखी १,५६० घालते, त्यातले १,०८० पेन्शन खात्यात आणि उरलेले ४८० तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे तुमच्या पीएफ खात्यात दरमहा २,०४०. सव्वाआठ टक्के व्याज धरलं तर दहा वर्षांत पावणेचार लाख, पगार एक रुपयाही वाढला नाही असं धरून. पेन्शन वेगळी, तिच्यासाठी दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. शेठच्या १२,००० मध्ये यातलं काय आहे? फक्त एक विचारून घ्या की पीएफ पूर्ण १३,००० वर कापणार की मूळ वेतन कमी दाखवून. आणि नेमणूकपत्र कंपनीच्या नावाचं आहे की एखाद्या एजन्सीच्या, तेही. एजन्सीचं असलं तरी पीएफ-ईएसआय लागतंच, पण पुढे तक्रार कुणाकडे करायची ते ठाऊक असावं.

ईएसआयच्या शंभर रुपयांत तुम्ही, मिस्टर आणि मुलगी, तिघांचा दवाखाना येतो. तुमच्या घरात दुसरं उत्पन्न ऑटोचं, म्हणजे मिस्टर आठ दिवस अंथरुणाला खिळले की बंद. अशा घराला हा शंभरचा खर्च सोडून चालणार नाही. जवळचा ईएसआय दवाखाना कुठे, मोठ्या उपचाराला कुठे पाठवतात, हे पहिल्याच महिन्यात बघून या. आजारपणात शोधत फिरू नका.

इन्सेन्टिव्हचे ४,००० शून्य धरा. "पर्यंत" हा शब्द ज्या आकड्यामागे येतो तो पगारात मोजत नसतात. टार्गेट वरून ठरतं, आणि लातुरात कपड्याचं गिऱ्हाईक पावसावर आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. सोयाबीनचे पैसे हातात आले की गोलाईत पाय ठेवायला जागा नसते, आणि पितृपक्षात माश्या मारत बसावं लागतं. मिळाले तर ते खर्चाला न लावता बाजूला टाका.

तब्येतीचं एक सांगतो. साडीच्या दुकानात गादीवर बसून काम होतं, शोरूममध्ये दिवसभर उभं राहावं लागतं. ट्रायल रूममधून आलेले ढीग घडी घालून परत रॅकला, सेल असला की रात्री स्टॉक मोजणी. रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती आणि सुरक्षिततेची सोय लागते, दुकाने-आस्थापना कायद्यातच आहे ते. मिस्टरांची ऑटो आहे, न्यायला येतील, हे ठीक. पण सुटण्याची वेळ मुलाखतीतल्या साहेबांकडून नाही, तिथल्या मुलींकडून विचारून घ्या.

आणि पॉलिसी. पीएफ बंद करून त्या पैशांत पॉलिसीचा हप्ता भरायचा हा विचार वाचून मी कपाळाला हात लावला. वर्षाला १८,००० म्हणजे तुमच्या आत्ताच्या कमाईच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. वीस वर्षं भरून ६ लाख म्हणजे परतावा साडेचार टक्के. सव्वाआठ टक्के, वर कंपनीची भर, हे सोडून साडेचार टक्क्यांसाठी धडपड? एजंटने "सहा लाख" एवढंच सांगितलं असणार, टक्के त्याला विचारले असते तर विषय बदलला असता. ज्या घरात महिन्याची बचत दीड हजार, त्या घराच्या गळ्यात दीड हजाराचाच हप्ता बांधणाऱ्याला मी सल्लागार म्हणत नाही.

विमा म्हणाल तर पीएफसोबत ईडीएलआय नावाचा विमा आपोआप येतो. त्याचा हप्ता कंपनी भरते. १३,००० पगारावर, बारा महिने सलग भरले की, रक्कम साडेचार लाखांच्या घरात जाते. त्याशिवाय बँकेत जाऊन जीवनज्योती या सरकारी विम्याचे वर्षाला ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० भरा, मृत्यू झाला तर दोन लाख आणि अपघाताचे दोन लाख. मिस्टरांच्या नावानेही भरा, तेच रस्त्यावर जास्त असतात. तिसरा हप्ता भरायच्या आधी विमा कंपनीच्या शाखेत लेखी विचारा: आत्ता बंद केली तर किती, आणि हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीला किती. आकडे लेखी घ्या, एजंटच्या तोंडी नाही. ३६,००० पैकी दहा-बारा हजारच परत मिळतील असं दिसलं तर वाईट वाटेल. वाटू द्या. ते सोडवायला आणखी सव्वातीन लाख ओतायचे नाहीत.

शेठकडून नव्वद आले की तीस हजार बचत खात्यात, हात लावायचा नाही, ऑटोचं इंजिन खोलायची वेळ येईल तेव्हासाठी. बाकीचे मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धीत, सध्या ८.२ टक्के. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आतच हे खातं उघडता येतं, ती आठची आहे, तेव्हा लांबणीवर टाकू नका. ग्रॅच्युइटी आली तर पोस्टात एफडी.

शोरूम बदलली तर पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, पुढे न्या. या लाइनमधली पोरं दर दीड वर्षाला दुकान बदलतात आणि दर वेळी पीएफ काढून मोबाइल घेतात. जॉइन झालात की पहिल्या महिन्यात यूएएन मागून घ्या, आधार जोडा, आणि नॉमिनेशन भरा. एचआर "नंतर करू" म्हणेल, तिथेच उभं राहून भरून घ्या.